कोळसा कंपनीचं भस्म

झोपलेली भट्टी मी वेळेआधी फोडली आणि आजोबांनी उभी केलेली कोळसा कंपनी एका दुपारीत जाळून टाकली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं सांगता सांगता वारा कसा सुटला, साहेब कसे घाईत होते, आत्या नेमकी गावाला कशी गेली होती, असं करत मी दोष सगळ्यांना वाटून टाकीन आणि माझ्या वाट्याला नुसती काजळी ठेवीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

कंपनी म्हटल्यावर चिमणी, भोंगा, गेटवरचा पहारेकरी असलं काही डोळ्यांपुढं आणू नका. आमची कंपनी म्हणजे सास्तूरच्या अलीकडं, तेरणेच्या वळणावर, वाळूत बसलेलं मातीचं एक मोठं गोल ढेकूळ. त्यातून धूर निघत असला तर कंपनी चालू, नसला तर बंद. निजामाच्या अमदानीत आजोबांनी ती सुरू केली. पूर आला की गाव काठावर गंमत बघायला जायचं, आजोबा खांद्यावर दोर टाकून जायचे. वरच्या अंगाला उन्मळलेल्या बाभळी, जांभळं, उंबर, कधी कुणाच्या घराचं आढं, कधी बैलगाडीचं साटं, सगळं गरगरत खाली यायचं आणि आमच्या वळणावर नदी दमायची. दमली की ओझं टाकायची. आजोबांनी ते ओझं गोळा करून त्याचा कोळसा पाडला आणि लोहाऱ्याच्या लोहारांना, सोनारांना, इस्त्रीवाल्यांना पुरवला. जगाला नको झालेलं लाकूड नदीनं फुकट आणून द्यायचं, एवढाच आमचा कच्चा माल. आत्या म्हणायची, "नदी आपली हमाल हाय. पगार मागत न्हाय आन् दांडीबी मारत न्हाय." यातली दुसरी गोष्ट पुढं खोटी ठरली.

शिवम्मा आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली ती थेट भट्टीवरच उतरली, असं अव्वा म्हणायची. अव्वा म्हणजे माझी आई. आत्याचे केस कापसासारखे पांढरे आणि हात कोपरापर्यंत काळे. तोंडात सदा मिश्री. शिव्या कानडीत द्यायची, पोरांना कळू नये म्हणून. त्यामुळं आमच्या घरातली सगळी पोरं चालू लागायच्या आत कानडी शिकली. धुराचा वास घेऊन लाकूड कोणतं आणि कुठल्या शिवारातलं ते सांगता येतं, असा तिचा दावा होता. एकदा छाती भरून वास घेऊन "हे माकणीकडचं जांभूळ" असं तिनं भर लोकांत जाहीर केलं आणि भट्टी उघडल्यावर आतून पलंगाचा खूर निघाला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पलंग जांभळाचा हुता." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

भट्टी लावणं दिसायला सोपं. लाकडं उभी रचायची, वर पाचट अंथरायचं, त्यावर ओल्या मातीचा जाड गिलावा करायचा, खाली भोकं ठेवायची आणि तोंडातून विस्तव सोडायचा. लाकूड जळू द्यायचं नाही, धुमसू द्यायचं. धूर आधी पांढरा येतो, मग पिवळट, मग निळा. निळा झाला की सगळी भोकं बुजवून टाकायची. याला आमच्यात 'भट्टी निजली' म्हणत. निजलेल्या भट्टीला बाळंतिणीचे नियम. तिच्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही, परक्यानं यायचं नाही, पायात वहाणा घालून फिरायचं नाही. ती आपल्या आपण थंड होईपर्यंत थांबायचं आणि उघडायची ती आत्यानंच. उघडल्यावर कोळशाला हात लावायच्या आधी ती तोंडाशी जमलेली चिमूटभर राख घ्यायची आणि हजर असेल त्याच्या कपाळाला लावायची. आम्ही शिवाची माणसं, रोज भस्म लावणारी. पण गावातले इतर लोक ते देवळातून आणत, आमचं घरचं होतं, याचा अप्पांना केवढा अभिमान! अव्वाला मात्र या अभिमानाची धुणी धुवावी लागत. आमच्या भाकरीवर बोटांचे ठसे असायचे, दुधावर साय धरायच्या आत काजळी धरायची. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी काढताना ते कुणाचं, असा प्रश्न पडायचा, कारण सगळी धोतरं एकाच करड्या रंगाला येऊन थांबलेली असायची.

मग दुष्काळ पडला. नदीनं दांडी मारली. पूर नाही म्हणजे झाडं नाहीत, झाडं नाहीत म्हणजे कंपनी नाही. पात्रात नजर पोचेल तिथवर नुसती वाळू. लोक खडी फोडायला जात होते, घरोघर रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी थापल्या जात होत्या आणि त्या भाकरीला चव नसते यावर सगळ्या जातीधर्मांचं एकमत झालं होतं. अव्वा तिच्याबरोबर शेंगांची चटणी द्यायची आणि वर म्हणायची, "चटणी खावा, भाकर गिळा." शाळेतून पोरं वाटपाचा गोड भुगा, सुकडी, आणायची. ती मी पोरांकडून मागून खाल्लेली आहे. आज नातवंडं बिस्किटं अर्धी टाकून देतात तेव्हा मला काहीतरी उपदेश करावासा वाटतो, पण सुकडी मागून खाल्लेला माणूस उपदेश करताना शोभत नाही.

आमच्या वळणापासून हाकेच्या अंतरावर, पात्रातच गुरांची छावणी पडली. झऱ्याला खणलं की थोडं पाणी लागायचं आणि वरून टँकर यायचा. तिथं आसपासच्या गावांची जनावरं, त्यांची शेणं, कुजलेला कडबा, माश्या आणि तो वास. आमची कंपनी अशी रिकामी बसलेली असताना अप्पांच्या कानावर सहकार आला. त्या काळात सहकाराची हवाच तशी होती. ज्याच्या दारात म्हैस नाही तो दूध संस्थेचा संचालक होता आणि गावात कोंबडी यायच्या आधी कुक्कुटपालन संस्थेचा चेअरमन निवडून आला होता. अप्पांना कळलं, की सडकेच्या कडेची वाळलेली झाडं सरकार कोळशासाठी देणार आहे, पण फक्त सहकारी संस्थेला. संस्थेला मंजुरी द्यायची तर उस्मानाबादहून साहेब येणार आणि कोळसा खरोखर पडतो की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. बघून पसंत पडलं तर कंपनी जगली. नाहीतर अप्पा, आत्या, आमचा गाडीवान किसनदादा आणि त्याचं घर, सगळे खडी फोडायला.

पण दाखवायला लाकूड कुठलं? आजोबांनी एक जांभळाचं मोठं खोड अडीअडचणीसाठी वाळूत पुरून ठेवलं होतं. घरातल्या बाया सोनं पुरतात, आजोबांनी खोड पुरलं. अप्पांनी ते उकरून काढलं, फोडलं आणि आत्यानं त्याची शेवटची भट्टी लावली. धूर निळा झाला, भोकं बुजली, भट्टी निजली. साहेब यायला अजून अवकाश होता, म्हणून आत्या सास्तूरला एका बारशाला निघाली. निघताना मला म्हणाली, "बश्या, साहेब आधी आला तर बसीव, खाऊ घाल, गप्पा हाण. भट्टीला हात लावू नको. भट्टीचं तोंड म्हंजी माझं तोंड समज. म्या येईस्तोवर उघडायचं न्हाय."

"तुझं तोंड तर कायम उघडंच असतंय, आत्या," मी म्हणालो.

तिनं वहाण काढून मला मारली आणि तीच पुन्हा पायात घालून सास्तूरला गेली.

मला का सांगितलं, अप्पांना का नाही, याचंही कारण आहे. मी संस्थेचा होणारा सचिव होतो. घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी एकटा. शास्त्र शाखेला गेलो होतो आणि वर्षभरात शास्त्रानं मला परत पाठवलं होतं. पण एवढ्या काळात मी प्राणवायू नावाची गोष्ट शिकलो होतो आणि ती कुठंतरी वापरायला मिळावी म्हणून माझा जीव तडफडत होता.

साहेब आधीच आले. छावणी बघायला आले होते, लगे हात आमचंही उरकून टाकू म्हणून जीप वळवली. टेरिकॉटचा पांढराशुभ्र बुशशर्ट, काळा चष्मा, हातात रुमाल. जीप बघताच अव्वानं त्यांच्यासाठी जपून ठेवलेल्या गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, शिजत घातली. गुळाचा वास वाळूपर्यंत येत होता आणि छावणीचा वास त्याला आडवा जात होता. साहेबांनी भट्टीकडं बघून विचारलं, "कोळसा कुठाय?"

"आत हाय साहेब," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "निजलाय."

"उठवा मग."

"बहीण गावाला गेलीय साहेब. ती आली की लगेच उघडतो. तवर जेवून घ्या."

साहेबांनी चष्मा काढला. "चेअरमन तुम्ही, का बहीण?"

अप्पांचा चेहरा पडला. माणूस भट्टीपुढं आयुष्यभर उभा राहिला, पण असल्या धगीची त्याला सवय नव्हती. मला ते बघवेना. ही गोष्ट मी स्वतःच्या बाजूनं सांगतोय खरा, पण ती खरी आहे. मी पुढं झालो. भट्टीच्या सावलीकडच्या अंगाला तळहात लावला. गार होती. उन्हाकडच्या अंगाला हात लावून बघावा, हे सुचायला शास्त्र शाखेत आणखी एखादं वर्ष काढायला हवं होतं.

"साहेब, काही अडचण नाही," मी म्हणालो. "ज्वलनाला प्राणवायू लागतो. आतला प्राणवायू संपलाय, त्यामुळं आता आत काही पेटूच शकत नाही." एवढं बोलून, आतला प्राणवायू संपलेली ती भट्टी मी पहारीनं फोडली आणि नदीच्या पात्रातला सगळा मोकळा प्राणवायू तिच्यात सोडला.

आधी काहीच झालं नाही. उलट फारच छान दिसलं. आत काळ्या कुळकुळीत कोळशाची रास चमकत होती. साहेब "वा!" म्हणाले. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या आयुष्यातला सर्वांत कर्तबगार क्षण तो, आणि तो साधारण एका शिंकेएवढा टिकला. साहेब नीट बघायला वाकले, तेवढ्यात नदीतून वाऱ्याचा झोत आला, काळी रास आतून लाल झाली आणि भट्टीनं भक्कन जाळ ओकला.

"पाणी!" मी ओरडलो. "पाणी आणा पाणी!"

जिच्यात पाण्याचा थेंब नाही अशा नदीत उभा राहून मी हे ओरडत होतो. किसनदादा घागर घेऊन छावणीच्या टँकरकडं पळाला. तिथल्या माणसानं सांगितलं, हे पाणी जनावरांचं आहे. किसनदादा म्हणाला, "आमचा सचिवबी त्यातलाच हाय, द्या." तरी मिळालं नाही. अव्वा घरातला माठ काखेत घेऊन निघाली. ड्रायव्हर जीपच्या रेडिएटरचं झाकण फिरवायला लागला. अप्पा धोतर सावरत झऱ्याकडं, मी अप्पांच्या मागं, घोट्याघोट्याएवढ्या वाळूत पाय रुतत होते. एक पाय काढावा तर दुसरा आत. शेवटी अव्वाचा माठ पोचला, तो मी जाळावर ओतला. फस्स झालं आणि राखेचा जो लोट उठला तो साहेबांना सर्वांगी भेटून पुढं गेला. तोवर जांभळाच्या खोडाचं, आजोबांच्या अडीअडचणीचं, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

धूळ बसली तेव्हा साहेब दिसले. बुशशर्ट आमच्या घरातल्या धोतरांच्या रंगाला आला होता. रुमालानं तोंड पुसलं, त्यात कपाळावर राखेचा आडवा पट्टा तेवढा राहिला. आत्या नसताना पहिला मान साहेबांना मिळाला. ते जीपमध्ये बसले आणि एवढंच म्हणाले, "उत्पादन पाहिलं."

साहेब गेले, पण राख गेली नव्हती. वारा तसाच सुटलेला होता आणि त्यानं ती सगळी छावणीवर नेऊन टाकली. पांढरे शुभ्र खिल्लारी बैल भस्म फासलेल्या बैराग्यांसारखे उभे. कडब्याच्या गंजीवर राख, गव्हाणीत राख. जनावरं शिंकायला लागली. शे-दोनशे बैल एका वेळी शिंकताना ज्यानं ऐकलं नाही, त्याला मी ते सांगूनही पटवू शकणार नाही. छावणीचा मुकादम नामदेवतात्या पुढं आणि त्याच्या मागं सगळे जनावरांचे मालक, असा मोर्चा आमच्या वळणावर आला. वाळूतच बैठक बसली. अप्पा हात जोडून म्हणाले, आधी दोन घास खा, मग काय ते बोला. साहेबांसाठी केलेली हुग्गी त्यांना वाढली. तिच्यातही राख होती. पण गूळ होता, आणि मिलो खाऊन खाऊन माणसं इतकी कावली होती की तिघांनी परत मागून घेतली. तेवढ्यानं राग निम्म्यावर आला.

निम्मा उरला होता तेवढ्यात नामदेवतात्यानं निवाडा दिला. "कंपनीनं छावणी घाण केली. आता छावणी हाय तवर छावणीची समदी घाण कंपनीनं उचलायची. शेण, सडका कडबा, समदं."

बैठकीत काही माना आपोआप किसनदादाकडं वळल्या. किसनदादाचं घर बौद्ध, बाबासाहेबांबरोबर धम्म घेतलेलं. त्यानं त्या माना ओळखल्या. तो उभा राहिला, सदऱ्यावरची राख झटकली आणि म्हणाला, "गाडी म्या हाकीन, ती माझी नोकरी हाय. पण भरायचं काम आमच्या बापानं सोडलं त्ये सोडलं. भट्टी सचिवानं फोडली, शेणबी सचिव भरंल." अप्पा म्हणाले, "आन् चेअरमनबी." दुसऱ्या दिवसापासून अप्पा डोक्यावर इस्त्रीची टोपी घालून शेणाच्या पाट्या उचलायला लागले. टोपी का, असं विचारलं तर म्हणाले, "कंपनीचं काम हाय."

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी आत्या आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुरचुंडी. ती भट्टीच्या जागी उभी राहिली. तिनं खाली वाकून मूठभर वाळू घेतली, माझ्याकडं बघितलं आणि बोटांतून हळूहळू गाळली. परत मूठ भरली, परत माझ्यासमोर गाळली. मला वाटलं, म्हातारी दुःखानं खुळावली, आता आयुष्य असं हातातून निसटलं म्हणून दाखवतेय. मला रडू कोसळलं. तिनं कपाळाला हात लावला, मग राखेत बोट बुडवून माझ्या कपाळाला लावलं आणि कानडीत एक शब्द उच्चारला. तो इथं लिहीत नाही. सीमाभागातले वाचक अंदाज करतील.

काठावर पावसाळी भट्ट्यांचे जुने खड्डे होते. आम्ही छावणीची घाण त्यात नेऊन टाकायला लागलो. आत्याला मात्र रचल्याशिवाय काही टाकलेलं बघवत नसे आणि लिंपल्याशिवाय काही सोडलेलं बघवत नसे. तिला कुठलंही काम करायची एकच रीत येत होती. तिनं शेणाचा थर, कडब्याचा थर, आमच्या जळलेल्या भट्टीची राख, पुन्हा शेण, असे खड्डे भरून घेतले, वरून मातीचा गिलावा केला आणि जाहीर केलं, "निजली." मग काय, शेणाच्या खड्ड्याजवळही वहाणा काढायच्या, शेणाच्या खड्ड्याजवळही हळू बोलायचं. छावणीतले लोक काठावर येऊन हसून जायचे. अव्वा म्हणायची, "आदी नुसतं काळं दिसत हुतो. आता वासबी येतोय. पोराला बायको बगायची कुटं?" तिची ही शंका बरीच वर्षं खरी ठरली.

पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरी गेली. आत्यानं खड्डे उघडले. आत शेण नव्हतं, कडबा नव्हता. काळंभोर, भुसभुशीत, हातात घेतलं तर लाडू वळावा असं खत होतं. हसून गेलेलेच लोक आता गाड्या जुंपून आले, नामदेवतात्या सगळ्यांत पुढं. मग लोहाऱ्याच्या बाजारातला पालापाचोळा न्या म्हणून निरोप आला, मग हॉटेलांचं उष्टं, मग सगळ्या गल्ल्यांचा केर. पुढं नदीला पूर आले, झाडंही वाहून आली, पण ती बघायला आम्हाला सवड नव्हती. आधी जगाला नको झालेलं नदी आणून टाकायची, आता गाव आणून टाकत होतं. कंपनीला काही फरक पडला नाही. आज माझा मुलगा ट्रॅक्टरवर गाणी लावून लोहाऱ्यात कचरा गोळा करतो. माझी सून बाहेरगावी सांगताना 'पर्यावरणाचा व्यवसाय' असं सांगते, आणि मी तिला टोकत नाही.

पण हे आजचं. गावाचा केर यायला लागला तेव्हा संस्थेची मंजुरी परत मागितली आणि तेच साहेब आले. या वेळी रंगीत शर्ट घालून. आत्यानं खड्ड्याचं तोंड फोडायला पहार उचलली तशी ते चार पावलं मागं सरले. "राहू द्या, राहू द्या, उघडू नका. माझा विश्वास आहे!" मंजुरी मिळाली. संस्थेसाठी मागंच करून ठेवलेली पाटी रंगवली, 'कोळसा' पुसून 'कचरा' लिहिलं आणि तिला हार घालायला सगळे त्याच वळणावर जमले, नामदेवतात्या, किसनदादा, छावणीतले बरेच जण. अप्पांना भाषण करायची हौस होती. ते पाटीकडं हात करून म्हणाले, "मंडळी, कोळशाचे दिवस सरले हे आमच्या घरात कुणाच्या आधी कळलं? माझ्या पोराला. त्यानं ती भट्टी फोडली नसती तर आज ही पाटी लागली नसती. ही त्याची दूरदृष्टी."

टाळ्या पडल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. एवढी वर्षं ऐकलेल्या टोमण्यांची त्या टाळ्यांनी भरपाई होत होती, आणि आपण खरोखरच काही आधी ओळखलं होतं की काय, असं मलाही वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मागून आत्या उठली. तोंडातली मिश्री थुंकली, खाली वाकली, मूठभर वाळू उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"दूरदृष्टी? घोट्याएवढ्या वाळूत रुतून हे येडं पाणी पाणी करत पळत हुतं. चार पाट्या वाळू वर टाकली असती तर भट्टी परत निजली असती. त्या दिशी मूठ भरभरून दाखवली, तर रडत बसला. पायाखालचं दिसत न्हाय ह्याला, आन् म्हणं दूरदृष्टी!"